बसवायचा राहिलेला पाइप

मित्रांनो, मी एक जुनी जर्मन गाडी आहे. डिझेलवर चालते. माझा जन्म १९८४ सालचा. जाड पत्रा, जड दारं आणि पाच सिलिंडरचं इंजिन. एका बोटीवरच्या कप्तानाने मला मुंबईत आणलं. त्याने मला पंधरा वर्षं चालवलं, त्याच्या मुलाने आणखी काही वर्षं चालवलं, आणि मग कोणीच चालवलं नाही. अंधेरीतल्या एका सोसायटीच्या आवारात मी आठ वर्षं नुसती उभी होते. मुलं माझ्या टपावर चढून शेजारच्या शेडच्या पत्र्यावर गेलेला चेंडू शोधत. मला त्याचं काही वाटत नसे. यंत्र फार दिवस उभं राहिलं की त्याला काही वाटेनासं होतं. माणसाचंही तसंच होतं, हे मला पुढे डहाणूत कळलं.

२०१४ साली मला रतन सावे यांनी विकत घेतलं. डहाणूजवळच्या आगर गावात त्यांची चिकूची वाडी आहे. तरुणपणी ते नऊ वर्षं मस्कतच्या एका गॅरेजात फिटर होते आणि माझ्यासारख्या गाड्यांची इंजिनं त्यांनी रोज खोलली होती. साठी आल्यावर त्यांना वाटलं, अशी एक गाडी आपलीही असावी.

मी वाडीत शिरले तेव्हा त्यांच्या पत्नी कुसुमबाई ओट्यावर चिकू निवडत बसल्या होत्या.

"कुठची म्हणालात ही?"

"जर्मनची."

"म्हणजे आपल्या पातेल्यांसारखी? मग चेपेल की हो लवकर."

घरातल्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांना त्या जर्मनची भांडी म्हणत. रतन हसले. कुसुमबाईंनी उठून माझ्या दारावर बोटाने टकटक केलं, दार उघडून पुन्हा लावलं. "नाही, ही जाड आहे," एवढंच म्हणाल्या आणि चिकूंकडे परत गेल्या. त्या कोसबाडला बालवाडीत शिकवायच्या, नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. एखादी गोष्ट आवडली तरी लगेच सांगायची नाही, असा त्यांचा स्वभाव होता. पण आठवड्याभरात डावीकडची सीट त्यांची झाली. चपला खाली काढून, पाय वर घेऊन त्या बसायच्या.

आल्यावर तिसऱ्या दिवशी रतन यांनी चावी काढली आणि मी चालूच राहिले. चावी हातात आणि इंजिन सुरू. कुसुमबाई म्हणाल्या, "हिला आता थोपटून झोपवायचं का?" रतन यांनी बोनेट उघडून आतला एक खटका दाबला, तेव्हा मी थांबले. माझ्यासारखं इंजिन हवेच्या ओढीने बंद होतं. ती ओढ नेणारी बारीक नळी कुठेतरी फुटली होती. ती शोधायला उधव्याहून काकड्या नावाचा मेकॅनिक आला.

काकड्या तेव्हा पंचेचाळीसचा असेल. पाण्याचे पंप, ट्रॅक्टर, जीप, जे डिझेल पितं ते सगळं तो दुरुस्त करायचा. त्याने माझ्यासारखी गाडी कधी उघडली नव्हती. हात न लावता तो बराच वेळ कान देऊन उभा राहिला. मग एका जागी बोट ठेवलं. "रतनशेठ, इथं हवा खाते." तिथेच नळी चिरलेली होती.

त्या दिवसापासून महिन्यातून एक रविवार तो यायचा. रतन त्याला शिकवायचे आणि मी ऐकायचे. त्यातलं थोडं तुम्हालाही सांगते, कारण तुमच्यापैकी कोणाकडे पुढेमागे माझ्यासारखी गाडी येईल.

डिझेल इंजिनाचं ऑइल बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी काळं होतं. त्याला घाबरू नका. रंग बघून नव्हे, किलोमीटर आणि तारीख बघून ते बदला. सकाळी चावी फिरवल्यावर हीटरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबा, मगच स्टार्टर मारा. समुद्राजवळ राहत असाल तर गाडी खालूनही गोड्या पाण्याने धुवा. दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, ती तारेने मोकळी ठेवा. नाही तर पाणी आत राहतं आणि दार आतून कुजतं. काचेखालच्या जाळीत झाडांची पानं साचू देऊ नका. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी घालू नका, कूलंट घाला. आणि रबर. रबर किलोमीटरने नाही, वर्षांनी म्हातारं होतं. थंड इंजिनावर प्रत्येक पाइप अंगठ्याने दाबून बघा. जास्त पिकलेल्या चिकूसारखा मऊ लागला किंवा सुकून कडक झालेला असला, तर तो काढा.

जानेवारी २०१६ मध्ये रतन यांनी असंच दाबून बघितलं. रेडिएटरच्या खालचा जाड पाइप मऊ लागला. त्यांनी मुंबईहून नवा आणला आणि घरातल्या कपाटात ठेवला. तो बसवायचा तर सगळं कूलंट काढावं लागतं, अर्धा दिवस जातो. चिकूची तोड चालू होती, रोज करंड्या भरून पाठवायच्या होत्या. मग भाच्याचं लग्न आलं. मग वाडीतली मोटर जळली. दर रविवारी पुढचा रविवार ठरत गेला.

कुसुमबाई म्हणायच्या, "अहो, तो पाइप लावा एकदाचा. माझ्या साड्यांना रबराचा वास लागलाय."

"लावतो."

एप्रिलमध्ये काकड्या ब्रेक बघायला आला. त्याला पाइपचं कोणी सांगितलं नाही. त्याने ब्रेकचं काम केलं, जाता जाता बोनेटमध्ये नजर टाकली आणि म्हणाला, "सगळं बरोबर हाय."

मे महिन्यात एका सकाळी कुसुमबाईंच्या छातीत दुखायला लागलं. डहाणूतल्या डॉक्टरांनी तपासून लगेच वापीला न्यायला सांगितलं. ॲम्ब्युलन्स दुसरीकडे गेली होती. रतन म्हणाले, "गाडी आहे." कुसुमबाई नेहमीच्या सीटवर बसल्या. त्या दिवशी त्यांनी पाय वर घेतले नाहीत.

तलासरी मागे पडलं आणि हायवेवर, आच्छाडच्या अलीकडे, तो पाइप फुटला. काचेवर वाफ आली. काटा लाल रेघेच्या वर गेला. रतन यांनी मला कडेला घेतलं, बोनेट उघडलं आणि ते रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेऊ लागले. इतकी वर्षं ते दुसऱ्यांना सांगत आले होते की तापलेलं झाकण कधी उघडायचं नाही.

आतून कुसुमबाई हळू म्हणाल्या, "झाकण उघडू नका. भाजेल."

त्यानंतरचं त्यांचं बोलणं मी ऐकलं नाही. पंचवीस मिनिटांनी एक टेम्पो थांबला. दोघं त्यातून गेली. मी तिथेच उभी होते. माझ्यातलं हिरवं पाणी रस्त्याच्या उतारावरून खाली जात होतं.

कुसुमबाई वाचल्या नाहीत. रतन यांनी डॉक्टरांना विचारलं, अर्धा तास आधी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही." हे मला नंतर कळलं. रतन यांची मुलगी निधी सुरतेहून आली होती, ती ओट्यावर कोणाला तरी सांगत होती.

काकड्याने ट्रॅक्टरला बांधून मला आगरला आणलं. तेराव्याचं जेवण उरकल्यावर तो माझ्यापाशी आला, बोनेट उघडून चिरलेला पाइप बघितला. रतन चार पावलांवर उभे होते.

"हा मला दिसला कसा नाय, शेठ? महिन्यापूर्वी मीच बघून गेलो."

रतन यांनी उत्तर दिलं नाही. पाइप घरात होता, आणि हे जिवंत माणसांपैकी फक्त त्यांना माहीत होतं. काकड्या थोडा वेळ थांबला. मग बोनेट लावून निघून गेला.

निधीने माझ्यावर निळी ताडपत्री टाकली. "बाबा, विकून टाका ही."

"राहू दे."

"मग चालवणार आहात का?"

"राहू दे म्हटलं ना."

मी पावणेतीन वर्षं ताडपत्रीखाली होते. त्या काळाचं सांगण्यासारखं फार नाही. टायर खालून चपटे झाले. उंदरांनी सीटचा काथ्या उपसला. गांधीलमाश्यांनी मातीची घरटी केली. खाऱ्या हवेने दारांखालच्या उंबरठ्याचा पत्रा खाल्ला. रतन रोज सकाळी माझ्या बाजूने वाडीत जायचे आणि दुपारी परत यायचे. चिकू निघत होते, जात होते. निधीचा फोन आला की ते म्हणायचे, "सगळं ठीक." त्यांना रडताना मी कधी ऐकलं नाही. चिडतानाही नाही. मलाही काही वाटत नव्हतं. आम्ही दोघं सारखेच होतो.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या गावांत जमीन हादरायला लागली. कधी दिवसातून दोनदा, कधी आठवड्याने. पाड्यांवरची माणसं घराबाहेर झोपू लागली. फेब्रुवारीत एक मोठा धक्का बसला, आणि दोन दिवसांनी काकड्या वाडीत आला. केस पांढरे झाले होते.

"रतनशेठ, भिंत फाटली माझी. बायको घरात जायला तयार नाय. माझ्या आईला पन बाहेरच ठेवलंय. ताडपत्री हाय का एखादी?"

रतन यांनी इकडेतिकडे बघितलं. मग माझ्याकडे बोट केलं. "ती घेऊन जा."

दोघांनी मिळून ताडपत्री ओढली. खूप दिवसांनी ऊन माझ्या काचेवर पडलं. काकड्या ती घडी घालायला लागला, पण त्याची नजर माझ्यावरच होती. घडी खाली ठेवून त्याने बोनेट उघडलं. चिरलेला पाइप तसाच होता.

"चालू करायची का?" रतन म्हणाले. बरेच दिवस त्यांनी कोणाला काही विचारलं नव्हतं.

"मी नाय हात लावत गाडीला आता. त्या दिवसापासून फक्त पंप करतो. जीपवाले येतात, त्यांना परत पाठवतो. माणसं बसतात गाडीत, शेठ. माझ्याकडून एकदा बघायचं राहिलं."

रतन यांचा हात माझ्या मडगार्डवर होता. आवाज रोजचाच होता.

"काकड्या, पाइप घरात होता. जानेवारीपासून. मीच दाबून बघितला होता, मीच नवा आणला होता. कुसुम रोज सांगत होती. मी बसवला नाही. तुला सांगितलंही नाही."

काकड्याने बोनेट लावलं.

"तेराव्याला मी विचारलं तवा?"

"तेव्हाही माहीत होतं."

"पावणेतीन वर्षं, शेठ."

"हो."

काकड्याने ताडपत्री सायकलवर बांधली. रतन म्हणाले, "चहा घे." तो थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी रतन यांनी कपाटातून पाइप काढला. साड्या अजून तिथेच होत्या. माझ्यापाशी येऊन त्यांनी जुना पाइप सोडवला, नवा बसवला, क्लिपा आवळल्या. पाऊण तास लागला. काम संपल्यावर ते खाली जमिनीवरच बसून राहिले, पाना हातात धरून. त्यांनी कोणाला हाक मारली नाही, डोळे पुसले नाहीत. जेवायची वेळ टळून गेली तरी बसले होते.

मग रोज थोडं थोडं काम सुरू झालं. टाकीतलं शिळं डिझेल काढलं, दोन्ही फिल्टर बदलले. धरून बसलेले ब्रेक सोडवले, टायर आणि बॅटरी नवी घातली. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी एकेक करून जोडल्या. अठराव्या दिवशी मी सुरू झाले. धूर खूप झाला. रतन यांनी डावीकडे न बघता गिअर टाकला आणि आम्ही उधव्याला निघालो.

काकड्याच्या घराला एका बाजूने बांबूचा टेकू होता. अंगणात निळ्या ताडपत्रीखाली भांडी आणि दोन गोधड्या. त्याची बायको शुक्री तांदूळ पाखडत होती. काकड्या पंप उघडून बसला होता, त्याने मान वर केली नाही.

रतन शुक्रीसमोर उभे राहिले. "गाडीचं जे झालं, त्यात ह्याची चूक नव्हती. माझी होती. हे मी तेव्हा बोललो नाही."

शुक्रीने सूप खाली ठेवलं. "त्याने मला सांगितलं परवा. तुमी तवाच सांगायचं होतं. हा झोपत नव्हता."

"हो."

"आता काय उपयोग?"

"माहीत नाही," रतन म्हणाले. "जीपवाल्यांनाही सांगून येतो. तलासरीला, स्टँडवर."

ते उन्हात तसेच उभे होते. मी चालूच होते, कारण रतन मला बंद करायला विसरले होते. काकड्याची म्हातारी आई पुतळी काठी टेकत आली, माझं मागचं दार उघडून आत बसली. बाहेर बसून पाठ दुखते म्हणाली. तेवढ्यात जमीन हलली. भांडी वाजली, पाड्यावरची कोंबडी ओरडली, शेजारची माणसं धावत अंगणात आली. शुक्री दाराकडे धावली.

"आये, उतर!"

"का?" पुतळी म्हणाली. "ही मघापासून हलतेच हाय."

शेजारच्या बाया हसल्या. शुक्रीही हसली. रतन हसले नाहीत, पण त्यांनी तिच्या बाजूची काच खाली करून दिली.

काकड्या मात्र पंप सोडून उठला होता. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला, मान थोडी वाकडी करून. जमीन शांत झाली तरी तो तसाच होता.

"एका सिलिंडरला डिझेल नीट जात नाय," तो म्हणाला. "नोझल ठोकतोय. किती दिवस अशीच चालवणार?"

"आज सुरू केली."

"बंद करा." त्याने शुक्रीकडे बघितलं. "माझी मोठी पेटी काढ. गाडीच्या पान्यांची."

मित्रांनो, आता २०१९ सरत आलं आहे. काकड्या जीपवाल्यांना आता परत पाठवत नाही. रतन यांच्याशी तो पूर्वीसारखं बोलत नाही, कामापुरतं बोलतो. रतन दर रविवारी मला बाहेर काढतात. डावीकडच्या सीटवर कोणी बसत नाही.

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. जुन्या गाडीवर दया करू नका, तिच्याकडे बघा. तिला आठवड्यातून एकदा चालवा. तिचे पाइप दाबा, आणि नवा पाइप आणला असेल तर त्याच दिवशी बसवा. कपाटात ठेवलेला पाइप पाणी धरत नाही. आणि तुमची चूक दुसरा कोणी आपली समजून वाहत असेल, तर त्याच्या दारात जा आणि त्याला सांगा. गाडी नसेल तर चालत जा.