वीणेचा पहारा

होटगीजवळच्या त्या वस्तीवर दरवर्षी मारुतीच्या देवळात सप्ताह बसतो आणि सात दिवस देवापुढची वीणा भुईला टेकत नाही. दोन-दोन तासांचा पहारा, या गळ्यातून त्या गळ्यात. शेवटच्या दिवशीच्या काल्याच्या कीर्तनाचा पहारा मात्र एकवीस वर्षं बिरप्पाचा. महाराजांच्या मागं उभं राहून त्याचं बोट तारेवर फिरू लागलं की ऐकणाऱ्याचा जीव निवायचा. येणारा माणूस आधी वीणेकऱ्याच्या पाया पडायचा, मग बसायचा.

त्याची लेक शिवानी सोलापुरात विद्यापीठात एम.एस्सी. करत होती. भजनी मंडळाचं फोनवरचं काम तिच्याकडं. कीर्तन कुणाचं, पंगत कुणाची, सगळे निरोप तीच धाडायची. त्यामुळं मंडळातल्या झाडून साऱ्यांचे नंबर तिच्या फोनात.

शिष्यवृत्ती रखडली, खोलीचं भाडं थकलं. बापाला, आबांना, सांगावं तर ते शेळी विकतील, हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून तिनं एका ॲपवरून पाच हजार उचलले. हातात आले साडेतीन, आठ दिवसांत फेडायचे पुरे पाच. ते फेडायला दुसरं ॲप, त्याच्यासाठी तिसरं. प्रत्येकानं फोनातले नंबर बघायची परवानगी मागितली, तिनं घाईघाईत देऊन टाकली. चार महिन्यांत आकडा अडतीस हजारांवर गेला.

एक हप्ता चुकला, आणि ॲपवाल्यांकडून तिचा फोटो, खाली तांबड्या अक्षरांत ‘चोर’, मंडळातल्या त्रेचाळीस फोनांवर जाऊन पडला.

कुणी टोचून बोललं नाही. मृदंगवाले रुद्रप्पाकाका घरोघर फिरले, कुणी पाचशे दिले, कुणी दोन हजार. तू आमची बी लेकच हायस की, म्हणत त्यांनी सगळे पैसे तिच्या हातावर ठेवले. ॲपांचं फिटलं. सुटले एकदाची, असं शिवानीला वाटलं.

काल्याच्या दिवशी ती सकाळीच वस्तीवर आली. देवळात रुद्रप्पाकाका वीणा घेऊन आबांपुढं उभे होते. आबांनी वीणेला कपाळ टेकवलं, काकांच्या पायांना हात लावला आणि मागं सरले. पैशाचं कुणी काही म्हणालं का, येडा हायस का तू, असं काकांनी परोपरीनं विचारून पाहिलं. आबांनी फक्त हात जोडले. शेवटी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात गेली.

आबा बाहेर चपलांपाशी जाऊन खांबाला टेकले. शिवानी मागोमाग गेली.

“आबा, मी नोकरी धरते. दोन वर्षांत सगळ्यांचं फेडते. तुमी वीणा घ्या.”

“फेडशील की. तुझ्यावर राग न्हाय, शिवे.” त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. “पर वीणेकऱ्याच्या पाया पडत्यात माणसं. ज्यांचं देणं लागतो, त्यांनाच पाया पडाय कसं लावू?”

तिला वाटलं, त्यांनी एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

ते हळूच म्हणाले, “शेळीच गेली असती गं.”

आत नामाचा गजर सुरू झाला. आबांनी डोळे मिटले. हात आपोआप छातीशी गेला आणि नसलेल्या तारेवर बोट फिरू लागलं. उशिरा आलेल्या एका म्हातारीनं चपला काढल्या आणि सवयीनं ती त्यांच्या पायाशी वाकली.

आबांनी झटकन पाय मागं घेतले. बोट थांबलं.