लावलंय

कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाशी आल्यावर भिंगरी थांबली. पर्समध्ये हात घालून तिनं किल्ली चाचपली आणि मागे वळली. नवरा खांबाला टेकून उभा राहिला. समोर जाहिरात कंपनीची गाडी इंजिन चालू ठेवून थांबली होती. पण दोन मजले चढून कुलूप ओढून पाहिल्याशिवाय तिचं पाऊल पुढे पडणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

कुलूप लावलेलं होतं. नेहमीच असायचं. तिनं ते दोनदा ओढलं, क्षणभर त्यावर तळहात ठेवला आणि जिना उतरायला लागली. अर्ध्यावर आली तोच खालून आवाज आला. सायकलवरून जाणाऱ्या कुणा अनोळखी माणसानं नवऱ्याला ओळखलं होतं.

“लावलंय हो, लावलंय!”

नवऱ्यानं सवयीनं हात हलवला. माणूस हसत हसत निघून गेला. भिंगरी गाडीत बसली तेव्हा दोघंही खिडकीबाहेर बघत होती, एक या बाजूला, एक त्या बाजूला.

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती एका जागी ठरत नसे म्हणून आईनं ते ठेवलं, आणि हुंडा नाही तर नाही, हे नाव मात्र माहेराहून बरोबर आलं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिथंही गिऱ्हाईक बसलेलं आणि ही उभी. घरातून बाहेर पडायचं म्हटलं की तिच्या मनात पाल चुकचुकायची. गॅस, नळ, मागची खिडकी, आणि सगळ्यात शेवटी कुलूप. कुलूप लावताना हात तिचेच असायचे, पण कोपऱ्यापर्यंत पोहोचेतो त्या हातांवरचा तिचा विश्वास उडालेला असायचा.

लग्न नवं होतं तेव्हा यावर नवऱ्यानं एक उपाय काढला होता. त्यानं तिला कधी समजावलं नाही, की तिची थट्टा केली नाही. तिची चाल जराशी मंदावली, हात पर्सकडे गेला, की तो मागे न बघता, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत म्हणायचा, “लावलंय.” बस्स, एवढंच. तिचा जीव भांड्यात पडायचा आणि दोघं चालू लागायची. हे इतकं नित्याचं होतं की आपल्या संसारात असं काही आहे, हेही तिला कळलं नव्हतं.

मग ती जाहिरात आली. नवरा नाटकांत लहानसहान कामं करायचा. कधी दारात उभा राहणारा शिपाई, कधी दोन वाक्यांचा डॉक्टर. कुलपांच्या एका कंपनीनं त्याला बोलावलं. जाहिरात अशी होती: बाहेरगावी निघालेलं एक जोडपं गल्लीतून चाललंय. पुरुष मध्येच थांबतो, खिशातली किल्ली चाचपतो, अर्धवट मागे वळतो. बाई मागे न बघता म्हणते, “लावलंय.” पुरुष चालू लागतो. शेवटी बंद दारावरचं कुलूप दिसतं, त्यावर कंपनीचं नाव. गाणं नाही, पोलादाच्या मजबुतीच्या बाता नाहीत, घाबरून पळणारा चोरही नाही.

भिंगरीनं ती पहिल्यांदा शेजारच्यांच्या घरी, सगळ्यांच्या मध्ये बसून पाहिली. सगळे हसले तशी तीही हसली. पण पडद्यावर जो थांबला, वळला, तो तिचा नवरा नव्हता. ती स्वतःच होती. मान कलती करून पायाच्या चवड्यावर वळणं तिचं होतं, किल्ली चाचपणं तिचं होतं. दिग्दर्शकाला म्हणे काळजी करणारा पुरुष जास्त गमतीचा वाटला होता. म्हणून तिची तगमग नवऱ्यानं स्वतःकडे घेतली होती, आणि स्वतःचा शब्द त्या दुसऱ्या बाईला देऊन टाकला होता.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत तो शब्द जिकडेतिकडे झाला. बसमध्ये, बँकेत, शाळेच्या फाटकाशी लोक एकमेकांना म्हणायला लागले, “लावलंय.” प्रत्येक घरात एक थांबणारं माणूस होतं आणि एक चालणारं. जाहिरात बंद झाली तरी शब्द राहिला. रस्त्यात लोक नवऱ्याला अडवून विचारायचे, “वहिनी कुठंयत?” भिंगरी शेजारीच उभी असायची. वहिनी म्हणजे ती नव्हे, पडद्यावरची. घरात भिंगरी तिला कुलपवाली म्हणायची.

आणि एक दिवस कोपऱ्यावर भिंगरीची चाल मंदावली तेव्हा नवऱ्यानं बोलायला तोंड उघडलं आणि तो ओशाळला. तीही ओशाळली. तेवढ्यात समोरच्या न्हाव्यानं दुकानातून तोच शब्द मोठ्यानं फेकला. त्यानंतर नवऱ्यानं तो कधी उच्चारला नाही. दुसरा एखादा शब्द शोधायला हरकत नव्हती, पण असे शब्द शोधून सापडत नाहीत. भिंगरी स्वतः वर जाऊन बघून यायला लागली आणि तो खांबाशी उभा राहायला लागला. यावरून दोघांचं कधी भांडण झालं नाही. ज्यावर भांडता येईल असं काही घडलंच नव्हतं.

आता पंचवीसएक वर्षांनी कंपनीला तीच जाहिरात पुन्हा करायची होती, त्याच दोघांना घेऊन, पिकल्या केसांसकट. भिंगरीनं दुकानातून दोन दिवसांची रजा काढली. कुलपवालीला एकदा बघून तर घेऊ, असं ती म्हणाली.

स्टुडिओत गल्ली उभी केलेली होती. कुलपवाली आधीच येऊन खुर्चीत बसली होती. भिंगरीनं इतकी वर्षं जिच्यावर मनातल्या मनात डूख धरला होता ती बाई बुटकी निघाली, गुडघ्याला पट्टा बांधलेली, चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसलेली. लोक दोघांच्या भोवती जमले. फोटोसाठी कुणीतरी भिंगरीला बाजूला व्हायला सांगितलं, कुणीतरी तिच्या हातात आपला फोन दिला. तिनं नवऱ्याचे आणि कुलपवालीचे चार-पाच फोटो काढून दिले. फोटो चांगले आले.

काम मात्र जमेना. नवरा थांबायचा, वळायचा, ते ठीक होतं. कुलपवाली मागे न बघता तो शब्द म्हणायची आणि सगळं फसायचं. सगळ्या जगानं चघळून चोथा केलेला शब्द तिच्या तोंडून घोषणेसारखा यायचा. दिग्दर्शिका तरुण होती, समजूतदार होती. तिनं तो हळू म्हणायला सांगून पाहिलं, दमून म्हणायला सांगून पाहिलं, शेवटी तर नुसतं पुटपुटायला सांगितलं. दुपारपर्यंत तिचाही धीर सुटत आला. ती कुणाला तरी म्हणत होती की मूळ जाहिरात तिनं शेकडो वेळा पाहिलीय, पण त्यात नक्की काय आहे ते तिला अजून हाती लागलेलं नाही.

दिवे बदलायला वेळ लागणार होता. कुलपवालीनं भिंगरीला शेजारी बसायची खूण केली. सुरुवातीला गुडघ्याच्या दुखण्याचं बोलणं झालं, मग हवेचं. मग तिनं आपणहून सांगितलं की तेव्हा तिला तो शब्द मुळीच आवडला नव्हता. कागदावर तिला चार ओळींचं वाक्य होतं, पोलादाबद्दल, भरवशाबद्दल. ते काढलं म्हणून ती रुसून बसली होती. एका शब्दानं कोण लक्षात ठेवणार आपल्याला, असं तिचं म्हणणं होतं.

“तुमच्या नवऱ्यानं हट्ट धरला,” ती म्हणाली. “मला बाजूला घेऊन सांगितलं, माझ्या बायकोला हे ऐकल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ऐकलं की तिचे खांदे खाली येतात. तुम्ही खांदे खाली आणायला म्हणा, म्हणाला. बाकी काही करू नका.”

भिंगरीनं सेटवरच्या खांबामागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. मेकअप करणारी मुलगी त्याच्या कपाळावरचा घाम टिपत होती.

“हे त्यानं मला कधी सांगितलं नाही,” ती म्हणाली.

“आमच्याकडे खांदे खाली आणायला कुणी नव्हतंच,” कुलपवाली हसून म्हणाली. “तेव्हाही नव्हतं. पण बाजारात गेले की सगळे मलाच ‘लावलंय’ म्हणतात. हल्ली मला लावलं की नाही तेच आठवत नाही बघा.”

तेवढ्यात तिला बोलावणं आलं. संध्याकाळपर्यंत एक बरा तुकडा मिळाला. दिग्दर्शिका चालेल म्हणाली, आणि चालेल म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाण्याचं चित्रण तेवढं दुसऱ्या दिवसावर राहिलं.

दुसऱ्या दिवशी एकच गाडी मिळाली. भिंगरी त्या सकाळी दोनदा वर जाऊन आली. मग गाडी वाट वाकडी करून कुलपवालीच्या दारात गेली. जुनी तीन मजली इमारत होती, जिना बाहेरून दिसणारा. कुलपवाली कठड्याला धरून एकेक पायरी उतरली, मागच्या सीटवर भिंगरीशेजारी बसली, आणि गाडी निघाली.

दहा-पंधरा घरं मागे पडली असतील. कुलपवालीचा हात पिशवीत गेला. किल्ली वाजली. हात बाहेर आला, पुन्हा आत गेला. ती मान कलती करून मागच्या काचेतून बघायला लागली. हे वळणं तिनं आजवर फक्त आतून अनुभवलं होतं, आणि एकदा टीव्हीवर पाहिलं होतं.

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. “लावलंय हो काकू,” तो खुशीत म्हणाला.

कुलपवाली कसनुसं हसली. हात पिशवीतच राहिला.

भिंगरीनं गाडी थांबवायला सांगितली. नवऱ्यानं वळून पाहिलं, त्याला वाटलं आपल्याच घराचं काही. पण तिनं दार उघडलं आणि कुलपवालीला म्हणाली, “तुम्ही बसा. गुडघ्याला त्रास नको. मी बघून येते.”

ती भराभर चालत मागे आली आणि तीन मजले चढली. शेवटच्या पायरीवर तिला धाप लागली होती. समोर एकच दार होतं. कडी घातलेली होती, कोयंड्यात कुलूप अडकवलेलं होतं, आणि ते उघडं होतं. दाबायचंच राहून गेलं होतं.

भिंगरी त्याच्यापुढे उभी राहिली. आयुष्यभर ती मागे वळली होती, आणि दर वेळी कुलूप बंद निघालं होतं. उघडं कुलूप तिनं आज पहिल्यांदा पाहिलं. दारामागे कुणाचं तरी सगळं घर होतं. तिनं कुलूप दोन्ही हातांनी दाबलं. खट्ट आवाज झाला. मग ओढून पाहिलं, एकदाच.

ती खाली आली तेव्हा कुलपवाली खिडकीतून डोकं बाहेर काढून बसली होती.

“होतं ना?”

“होतं,” भिंगरी म्हणाली.

कुलपवालीनं डोकं आत घेतलं. तिचे खांदे खाली आले. गाडी मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत तिनं मान मागे टेकून डोळे मिटून घेतले होते.

नवरा मात्र वळून भिंगरीकडे बघत राहिला. तिचं खोटं त्याला लगेच कळायचं. एकाच आळीत वाढलेली दोघं. मग तो पुढे वळून बसला. भिंगरीनं हात मांडीवर ठेवले. बोटांना कुलपाच्या तेलाचा काळा डाग लागला होता. तो पुसायचं सोडून ती नवऱ्याच्या मानेवरच्या पांढऱ्या केसांकडे बघत बसली. मग पुढे वाकून, कुलपवालीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं तिनं विचारलं,

“तू तेव्हा कुलूप खरंच बघायचास?”

समोर सिग्नल लाल होता. नवरा त्याच्याकडे बघत होता.

“कधी कधी,” तो म्हणाला.