रिकाम्या चौकोनातले अक्षर

मित्रांनो, मी एक जुने अक्षर आहे आणि सध्या माझे डोके फिरलेले आहे. माझा उच्चार तुमच्या ‘श्रा’च्या जवळपास जातो. उत्तरेकडच्या बर्फातले उक्सुक्तूक हे माझे गाव. इथल्या आया मुलांना गोठलेल्या काचेवर बोटाने मला गिरवायला शिकवत. प्रार्थनेच्या वहीत मी असे, शिकारीला गेलेल्या नवऱ्याच्या चिठ्ठीतही असे. फार सुखाचे दिवस होते ते!

मग संगणक आले. संगणकाला अक्षर कळत नाही, त्याचा क्रमांक कळतो. दूरच्या शहरात कुणीतरी आमच्या लिपीची यादी केली आणि क्रमांक वाटले. आमच्या गावात विचारायला कुणी फिरकलेच नाही. माझी भावंडे पंगतीत बसली आणि मी दाराबाहेर राहिले. माझ्या जागी रिकामा चौकोन छापला जाऊ लागला.

तरी मी गप्प होते. पण निप्तायोक म्हातारीचा नवरा इगुश्राक वारला आणि पुढच्याच महिन्यात तिच्या लेकीला, तुल्लिकला, मुलगी झाली. आमच्यात गेलेल्याचे नाव बाळाला दिले की ते माणूस घरी परत येते. म्हातारी पाळण्यातल्या नातीला ‘अहो’ म्हणू लागली. तुल्लिक पोटच्या पोरीला ‘बाबा’ म्हणे.

शहरातून जन्मदाखला आला. ‘इगुश्राक’ या नावाच्या मधोमध, माझ्या जागी, चौकोन!

“हे अर्धेच आलेत,” म्हातारी म्हणाली. “उरलेले कुठे अडकले?”

तिने पेनाने मला चौकोनात बसवले आणि दाखला नोंदीसाठी शहरात पाठवला. खाडाखोड चालत नाही म्हणून दाखला परत आला. तुल्लिक गावच्या कचेरीत कामाला होती. तिने तिथल्या संगणकात मला दुसऱ्या अक्षराच्या क्रमांकावर बसवले. गावात मी झकास दिसे, पण शहरातल्या संगणकावर त्या क्रमांकाचे मूळचे अक्षर उमटले आणि दाखल्यावर भलतेच नाव आले.

म्हातारी कडाडली, “हा कोण परका माणूस? माझ्या घरात नको!”

सहा वर्षे हेच चालले. मला किती लाज वाटे म्हणून सांगू! माझ्यामुळे एक माणूस उंबरठ्यावर ताटकळत होता.

अखेर गावकऱ्यांनी अर्जांवर अर्ज केले आणि मला क्रमांक मिळाला. पडद्यावर मी दिसले तेव्हा तुल्लिक रडली. पण शहरातले छपाईचे यंत्र जुनेच होते. गेल्या आठवड्यात नवा दाखला आला. पुन्हा चौकोन!

वाळवलेला मासा चघळत नात म्हणाली, “द्या इकडे, मी लिहिते.”

“नको हो बाबा,” तुल्लिक म्हणाली. “हाताने लिहिलेलं ते परत पाठवतात.”

“पाठवू दे,” म्हातारी म्हणाली. “ज्याचं नाव तोच लिहितोय. कोण अडवतो बघते. लिहा हो तुम्ही.”

पोरीने जीभ बाहेर काढून, पेन्सिल इतकी दाबून मला लिहिले की कागदाच्या मागेही मी उमटले. म्हातारीने त्या मागच्या खुणेवरून बोट फिरवले. “आलात एकदाचे,” ती म्हणाली.

मित्रांनो, कुणाच्या अक्षरांची यादी करायला बसलात, तर आधी त्यांच्या घरी जाऊन विचारा. आमच्या दाखल्याचे पाकीट परवाच्या विमानाने शहरात गेले आहे. ते परत येईलही. निप्तायोकने पेन्सिलीला टोक काढून ठेवले आहे.