बाळीचा झरा

सुज्ञ वाचकहो, एका झऱ्याचे नाव नकाशावर चढता चढता कसे राहिले, ती दुःखद हकिकत मी येथे यथामती कथन करीत आहे.

म्हाताऱ्या मेंढपाळाची लेक ज्यात बुडाली, तो बाळीचा झरा. हे नाव ठाऊक असणारे आता दोघेच उरले होते, तो आणि त्याचा जिवलग लोहार. आपल्यामागे लेकीचे नाव निदान नकाशात राहावे, एवढीच बापाची आस होती. परंतु नकाशासाठी गावात आलेल्या मोजणीदाराचा नियम असा, की दोन वेगळ्या घरांनी एकमेकांना न सुचवता एकच नाव सांगावे, तरच ते नकाशात चढे.

“काका, त्या झऱ्याला काय म्हणता?” मेंढपाळाने नाव आधीच एकांतात सांगितले होते; आता त्याच्यादेखत मोजणीदाराने लोहारास विचारले.

लोहाराने मित्राकडे पाहिले आणि मान खाली घातली. “झऱ्याला कसलं आलंय नाव? नुसता झरा.”

मोजणीदाराने तसेच लिहिले.

“मेल्या, जीभ झडली का तुझी?” मेंढपाळ कळवळला.

“अरे, तुझ्यापुढं ते नाव कधी घेतलंय का मी? जखमेवर मीठ कसं चोळू? साहेब, बाळीचा झरा लिहा!”

“आता तुमचं आपसांत बोलणं झालं, काका. चालायचं नाही.”

नकाशा छापून आला. त्यात निळी रेघ होती, आणि तिच्यापाशी ‘झरा’ एवढेच.

वाचकांचा ऋणी,
गावचा शिंपी