लोफरांची फळी

आमचं आडनाव लोफर. हसा खुशाल, सगळं विगथॉर्प हसतं. आमचा मूळपुरुष कुणीतरी रिकामटेकडा भटक्या असणार, हे गावानं परस्पर ठरवून टाकलंय.

माझा जन्म हेच ऐकण्यात गेला. पण माझी भाची थर्झा बेकरी काढत होती आणि प्रश्न पाटीचा होता. समोरच्या खाटकानं, क्रॉपलीनं, तोंड घातलंच. "लोफर आणि पहाटे चारला उठणार? मग झालंच!"

"आत्या, मी नावच बदलून घेते," थर्झा रडवेली होऊन म्हणाली. "शनिवारी पेंटर यायचाय."

माझं डोकंच फिरलं. एका खाटकाच्या जिभेपायी बापजाद्यांचं नाव टाकायचं? सोमवारी मी नॉर्विचच्या दफ्तरखान्यात जाऊन ठाण मांडलं.

जुन्या नोंदवह्यांतलं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. १७४०मध्ये लोफर, १६८०मध्येही लोफर. तिथली बाई म्हणाली, "रिकामटेकडा हा अर्थ फार नंतरचा. तुमचं नाव त्या शिवीपेक्षा जुनं आहे." बरं वाटलं, पण एवढ्यानं क्रॉपली थोडाच गप्प बसणार होता?

गुरुवारी दुपारी आमच्याच चर्चची १६५२ची नोंद सापडली. 'गावाचा लोफर टोबायस आज पुरला. यानं एकतीस वर्षं दर रविवारी उत्तर दाराशी तीन फळ्यांवर पाव मांडून विधवांना वाटले.'

लोफ म्हणजे पाव. पाव वाटणारा तो लोफर! मी इतक्या मोठ्यानं हसले की त्या बाईनं मला दटावलं.

आणि त्या तीन फळ्या! आमच्या चर्चच्या उत्तर दाराशी अजून आहेत. चाळीस वर्षं मीच पुसतेय त्या. प्रार्थनेची पुस्तकं ठेवायला केल्यात, असंच सगळे समजत होतो.

शनिवारी पाटी रंगली: लोफर. हातभर उंच, लालभडक अक्षरं. रविवारी थर्झानं फळ्यांवरची पुस्तकं उतरवली, गरम पाव मांडले आणि टोबायसची नोंद सगळ्यांना खणखणीत वाचून दाखवली.

"पहिला मान वयानं मोठ्या विधवेचा," ती म्हणाली.

गावात सर्वांत मोठी डॉर्कस, वय ब्याण्णव, क्रॉपलीची आई. म्हातारीनं पाव हुंगला, छातीशी धरला आणि लेकाकडे वळली. "बघतोस काय ठोंब्यासारखा? लोफरांचे आभार मान!"

क्रॉपली काहीतरी पुटपुटला.

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी कानामागे हात धरला. "वय झालं रे माझं. जरा मोठ्यानं म्हण, आडनावासकट."