बारा गुण आणि पुसलेली बटणे

मित्रांनो, माझ्याकडे बघून तुम्ही हसाल, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी वायरचा फोन आहे, लाल रंगाचा आणि आता पुरता जुना. माझी शून्य, तीन, आठ आणि सात ही चार बटणे इतकी झिजली आहेत की त्यांच्यावरचे आकडे दिसतही नाहीत. बाकीच्यांवरचे मात्र अजून वाचता येतात. असे का झाले, तेच मला सांगायचे आहे.

माझा जन्म क्रान्य गावच्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात तारा जोडणारी बाई दिवसभर काहीतरी गुणगुणत असे, त्यामुळे गाण्याचा नाद मला जन्मापासूनच लागला असावा. तिथून मी स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्ल्यानाला आलो. एका चार मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, मुहारेम आणि हस्निया हे जोडपे राहत होते. दोघे बोस्नियातल्या झेनित्साहून पोटासाठी इकडे आलेले. तो घरे बांधायचा, ती शाळेच्या फरशा पुसायची. मुहारेमने मला स्वयंपाकघराच्या दाराशी फळीवर बसवले. तिथून मला घरातले सगळे ऐकू येई.

तेव्हा स्लोव्हेनिया आणि बोस्निया मिळून सगळा एकच देश होता. हस्निया आपल्या धाकट्या बहिणीला, शेफिकाला, झेनित्साला फोन लावी तेव्हा मोजके आकडे पुरत. मग देश फुटला. बहीण तीच, घर तेच, पण आता आधी शून्य, शून्य, तीन, आठ, सात दाबावे लागे, कारण ती परदेशी झाली होती. लढाईच्या दिवसांत तर एवढे दाबूनही पलीकडे काही वाजत नसे. हस्निया रिसीव्हर कानाला लावून तशीच उभी राही. ती शांतता मी कितीतरी महिने ऐकली आहे, आणि तिची मला आजही भीती वाटते.

शेफिका वाचली. मुहारेम काही वर्षांनी हृदयाच्या दुखण्याने गेला. हस्निया एकटी राहिली, पण तिने एक रिवाज सोडला नाही. दर मे महिन्यात देशोदेशींच्या गाण्यांची स्पर्धा टीव्हीवर लागे, आणि त्या संध्याकाळी जिन्यातले सगळे शेजारी तिच्या घरी जमत. ती पीता, म्हणजे पातळ पोळीच्या थरांत चीज भरलेला पदार्थ, भाजून काढी आणि कॉफीवर कॉफी करी. गाणी झाली की लोक फोनवरून मते देत. एका फोनवरून वीस मते चालत, फक्त आपल्याच देशाला देता येत नसत. मग प्रत्येक देश आपापले गुण जाहीर करी आणि सर्वांत लाडक्या गाण्याला बारा देई.

खालच्या मजल्यावर लोय्झे राहत असत. बसचालक म्हणून निवृत्त झालेले, इमारतीच्या समितीचे अध्यक्ष, पाण्याचे मीटर वाचणारे आणि दुसऱ्याच्या पायपुसण्याची मापे काढणारे. ते दर वर्षी चौकटीच्या कागदावर एक तक्ता आखून आणत. कोणता देश कुणाला बारा देणार, हे पहिले गाणे सुरू होण्याआधीच त्यात पेनने लिहिलेले असे. बर्फातले लोक बर्फातल्यांना देणार, बेटावरचे बेटावरच्यांना, मग गाणी ऐकायची गरजच काय, असे ते म्हणत. स्वतःच्या लोकांनाही सोडत नसत. आपण चिक्कू, आपल्याला कोण देणार, असे म्हणून ते पीतेचा तिसरा तुकडा घेत. दुःख एवढेच की त्यांचा तक्ता बहुतेक वेळा बरोबर येई.

हस्निया माझ्यावरून बोस्नियाला वीस मते देऊ लागली की लोय्झे मोठ्याने मोजत.

"तुमचे लोक बकरीलाही बारा देतील, हस्नियाबाई. फक्त ती तुमच्या डोंगरातली पाहिजे."

शेजाऱ्याला ती आपल्या बोलीत 'कोमशिया' म्हणायची. बटणावरून बोट न काढता ती उत्तर देई, "बकरी तुमच्यापेक्षा सुरात गाईल, कोमशिया."

"राहायचं इथं आणि मत तिकडं. खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं."

"इथल्याला द्यायला तुमचाच नियम आडवा येतो. मग देऊ कुणाला, नॉर्वेला?"

सगळे हसत. हस्नियाही हसे. पण सगळे गेल्यावर ती एकच कप पुन्हा पुन्हा विसळत राही, आणि ते फक्त मला माहीत होते. तीस वर्षे त्या जिन्यात काढूनही ती 'तुमचे लोक'च राहिली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या मारियेत्काबाई तर चौदा वर्षे तिच्या नमस्काराला उत्तर द्यायलाही विसरत आल्या होत्या.

लोय्झेंची नात नेझा मात्र वेगळी. तिची आई रुग्णालयात परिचारिका. शाळा सुटली की पोरगी आजोबांकडे दप्तर टाकी आणि जेवायला हस्नियाच्या स्वयंपाकघरात येई. गिटारचा आवाज आजोबांना सोसत नसे, म्हणून तीही वरच वाजवी. एक गाणे तिने माझ्या फळीखाली, जमिनीवर बसून रचले. जिन्यातला दिवा बटण दाबल्यावर दोन मिनिटांनी आपोआप विझतो, आणि अंधारात कुणीतरी शेजारी तो पुन्हा लावतो, एवढेच त्या गाण्यात होते. मला ते फार आवडे. पुढे ती मोठी झाली आणि एका वर्षी तेच गाणे घेऊन स्लोव्हेनियातर्फे त्या स्पर्धेला निवडली गेली.

हस्नियाच्या आनंदाला पारावार राहिला नाही. पण इथून नेझाला मत देता येणार नव्हते. स्पर्धेच्या आधीच्या गुरुवारी हस्नियाने माझी ती चार बटणे दाबली आणि शेफिकाला हुकूमच सोडला.

"शनिवारी गल्लीतल्या प्रत्येक घरातून वीस मतं. स्लोव्हेनियाला."

शेफिका म्हणाली, "कोण गातंय तिकडून?"

"माझीच पोरगी समज. माझ्या हातची पीता खाऊन वाढलीय."

शेफिकाने शब्द दिला. मित्रांनो, एका गल्लीच्या मतांनी अख्ख्या देशाचे बारा गुण ठरत नाहीत, हे तुम्हाला कळते. मलाही कळत होते. हस्नियाला कळत नव्हते, आणि पुढे जे घडले त्यात तर ते कुणालाच सुचले नाही.

शनिवारी घर भरले. नेझाने सुंदर गायले, पण गुण काही येईनात. देशामागून देश गेले. कुणी एक दिला, कुणी दोन. लोय्झे तक्त्यावर खाली मान घालून बसले होते. मग बोस्नियाची पाळी आली आणि त्या देशाने बारा गुण दिले, ते स्लोव्हेनियाला. लोय्झेंनी तिथे भलतेच नाव लिहिले होते. त्यांच्या हातातले पेन तसेच राहिले. मी त्यांना कधी रडताना पाहिले नव्हते, पण त्यांचे डोळे भरलेले त्या वेळी दिसले. त्या क्षणी हस्निया गप्प बसती तर किती बरे झाले असते. पण माणसाला आनंद झाला की जीभ ताब्यात राहत नाही.

"माझ्या लोकांनी दिले!" ती म्हणाली. "मी गुरुवारीच सांगून ठेवलं होतं."

कुणीतरी हसले, मग सगळेच. अर्थात, ते सगळे एकमेकांचे नातेवाईक, एकाने फोन केला की गाव पळतं, असे कुणी म्हणाले. लोय्झेंनी कागदाची घडी घातली आणि अर्धी कॉफी तशीच ठेवून ते खाली गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नेझा शेवटून सहावी आली. तिला मिळाले एकूण सोळा गुण, त्यांतले बारा बोस्नियाचे. मंगळवारी ती परत आली तेव्हा जिन्यात बातमी तिच्याही कानावर पोहोचली होती. ती सरळ वर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"मावशी, खरंय का?"

"खरं म्हणजे काय, पोरी? तू काय परकी आहेस मला?"

"विमानात मी सारखी तेच मनात घोळवत होते," नेझा म्हणाली. "म्हटलं, एका तरी देशाला आवडलं." मग तिने माझ्याकडे बोट केले. "म्हणजे गाणं कुणी ऐकलंच नाही."

हस्नियाने तिच्यासाठी झाकून ठेवलेली पीता तिने खाल्ली नाही. तिने गिटार माळ्यावर टाकली, उन्हाळ्यातल्या जलशाला नाही म्हणून कळवले आणि औषधांच्या दुकानात नोकरी धरली.

त्याच आठवड्याच्या रविवारी शेफिकाचा फोन आला. आवाज दमलेला होता. ती म्हणाली की गल्लीच्या तोंडाशी राहणारी झुम्रा आजी स्पर्धेच्या शनिवारी सकाळी वारली. तुझ्याकडे पाहुणे असणार म्हणून तेव्हा कळवलं नाही, असेही ती म्हणाली. तुम्हाला सांगायला हवे, त्या गल्लीत मयत झाली की सात दिवस कुणाच्याच घरी टीव्ही लागत नाही, गाणे वाजत नाही. आरसे आणि टीव्ही झाकून ठेवतात. शेफिकाने शब्द मोडल्याची माफी मागितली. अख्ख्या गल्लीतून एकही मत गेले नव्हते.

हस्नियाने रिसीव्हर ठेवला, पण त्यावरचा हात काढला नाही. मला तिच्या मनातले कळत होते. नेझाला लोकांनी आपणहून निवडले होते, गाणे ऐकून. हे सांगितले तर पोरीचे गाणे तिला परत मिळणार होते. पण तेव्हा हस्नियाने जिन्यातल्या लोकांसाठी काहीच केलेले उरणार नव्हते. आणि त्या आठवड्यात मारियेत्काबाईंनी तिला स्वतःहून नमस्कार केला होता. दुकानदार तिला 'आमचे बारा गुण' म्हणून हाक मारू लागला होता. थट्टाच ती, पण तीस वर्षांत पहिल्यांदा त्या थट्टेत 'आमचे' हा शब्द आला होता. ती तीन आठवडे गप्प राहिली. मला तिचा रागही आला आणि दयाही आली.

शेवटी लोय्झे पाण्याचा मीटर वाचायला वर आले तेव्हा ती दारातच बोलली. सगळे सांगितले, मयत, झाकलेले टीव्ही, सगळे. लोय्झेंनी आकडा वहीत उतरवला.

"तुम्ही मनानं चांगल्या आहात, हस्नियाबाई," ते म्हणाले. "तुमच्या लोकांचं असंच असतं. दुसऱ्याचं मन राखायला खोटंही बोलतात."

आणि ते गेले. मित्रांनो, ते सगळे मी स्वतः ऐकले होते. खरे काय ते माझ्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. पण कुणी बटण दाबल्याशिवाय फोनला तोंड नसते. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. हस्नियाने दार लावून घेतले. खरे बोलूनही तिच्या पदरात पुन्हा तेच 'तुमचे लोक' पडले होते.

लोय्झेंनी हे घरी हसत सांगितले असावे, कारण दुसऱ्या दिवशी नेझा वर आली. ती काही विचारायला आली नव्हती. तिने शेफिकाचा नंबर मागितला. पुढचे आकडे हस्नियाने तोंडपाठ सांगितले. सुरुवातीचे नेझाला विचारावेच लागले नाहीत. लहानपणापासून ती मला बघत आली होती. तिने पुसलेली बटणे दाबली. शेफिकाने उचलले.

नेझाने नाव सांगितले नाही. हस्नियाबाईंच्या घरून बोलतेय, एवढेच म्हणाली, आणि हस्नियाच्या बोलीत, मोडकेतोडके, विचारले, "गेल्या महिन्यात तुम्ही गाण्यांची स्पर्धा बघितली का?"

"कुठली स्पर्धा, बाई? आमच्याकडं मयत होती. सात दिवस टीव्हीवर चादर." मग शेफिका म्हणाली, "पण मी शहरातल्या बेकरीत कामाला जाते ना, तिथं त्या सोमवारपासून सगळ्या पोरी एकच गाणं म्हणतायत. जिन्यातल्या दिव्याचं. कुणाचं आहे कोण जाणे. हस्नियाला माहीत असेल, विचार तिला."

नेझाने रिसीव्हर अगदी हळू ठेवला. हस्निया पिठाच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"मावशी, तुम्ही काहीच केलं नव्हतं."

"काहीच नाही, पोरी."

"बरं झालं," नेझा म्हणाली, आणि तिच्या गळ्यात पडून रडू लागली.

पुढचे थोडक्यात सांगतो. गिटार माळ्यावरून खाली आली. मारियेत्काबाईंचा नमस्कार मात्र पुन्हा बंद झाला, आणि दुकानदारानेही ती हाक मारणे सोडले. हस्नियाला त्याचे वाईट वाटले, मी पाहिले आहे. लोय्झेंनी माफी मागितली नाही. एकदा वाचून झालेला पाण्याचा मीटर ते त्या महिन्यात आणखी दोनदा वाचायला आले आणि दारात नुसते उभे राहिले. पुढच्या मे महिन्यात तक्ताही घेऊन आले, नेहमीसारखा पेनने भरलेला. बोस्नियाची चौकट तेवढी कोरी होती.

आता हस्नियाकडे मोबाइल आला आहे. माझी वायर काढून टाकली आहे आणि मी तळघरातल्या फळीवर, रंगाच्या रिकाम्या डब्यांशेजारी धूळ खात पडलो आहे. मला फेकून द्यायचे ठरले तरी माझी तक्रार नाही, माझे काम झाले. पण मित्रांनो, तुमच्याही खिशात कुठेतरी तसा एक तक्ता असेल, अमुक गावचे असे, तमुक जातीचे तसे, गाणे ऐकण्याआधीच भरलेला. तो पुरा करण्याआधी एकदा कुणाला तरी फोन लावून विचारा. माझ्यावरचे आकडे पुसले गेले आहेत, पण बटण अजून दाबले जाते.