त्या टाळ्यांनंतर

मी एक जुना लाल मफलर आहे. मित्रांनो, आज मी न्यूझीलंडमधल्या टौरंगा शहरातल्या एका घरात खुंटीवर, मधोमध उसवलेला लोंबतो आहे. पण एकेकाळी माझा थाट काही औरच होता.

नीलांबरीताईंनी मला इथल्याच मेंढ्यांच्या लोकरीपासून विणलं, नवऱ्यासाठी. शिरीषराव फार्मासिस्ट. तरुणपणी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात शिकले, तेव्हापासून तिथल्या लाल जर्सीवाल्या फुटबॉल टीमचे वेडे. तिकडचा शनिवारचा सामना इथे रविवारी सकाळी दिसे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं आणि एकमेकांना आडवं पाडायचं, असा तो खेळ. मला गळ्यात घातल्याशिवाय ते टीव्हीसमोर बसत नसत.

"सगळा देश रग्बी बघतो, आणि तुमचं हे भलतंच!" ताई म्हणायच्या. माझ्यावर चहा सांडला, तर मात्र मला हातानेच धुवायच्या.

गेल्या वर्षी शिरीषराव मुलीला, अनुयाला, घेऊन थेट अमेरिकेला गेले. लाल विरुद्ध निळे, जुनं हाडवैर! स्टेडियम पाहून मी हबकलोच. अर्धं टौरंगा आत मावलं असतं. आणि खेळणारी कोण, तर कॉलेजातली मुलं!

"हीप्स लाउड, बाबा!" अनुया ओरडली, म्हणजे केवढा हा गोंगाट! तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच.

शेजारी निळ्या टोपीतल्या एक आजी होत्या. मागे लाल जर्सीतला धिप्पाड माणूस. "आमच्या टीमसाठी थेट न्यूझीलंडहून आलात? मग तुम्ही आमचेच!" म्हणत त्याने शिरीषरावांच्या पाठीवर थाप मारली. मला केवढा अभिमान वाटला!

अगदी शेवटी निळ्यांच्या एका मुलाने हवेत झेपावून एका हातात चेंडू पकडला. आम्ही हरलो. पण तो झेल इतका देखणा होता, की शिरीषरावांनी न राहवून टाळ्या वाजवल्या.

"आपला मफलर घालून त्यांना टाळ्या?"

पाठीवर रुळणारी माझी टोकं कुणीतरी मागून खेचली. वळून बघणं शक्यच नव्हतं. आवाज त्याचाच होता, थाप मारणाऱ्याचा. मित्रांनो, मला ऊब देण्यासाठी विणलं होतं, आणि मीच तो गळा आवळत होतो! शिरीषराव दोन्ही हातांनी मला ओढू लागले. मला सैल व्हायचं होतं, पण होता येईना.

"सोडा त्यांना! माझे बाबा आहेत ते!" अनुया किंचाळली. मराठीत.

शब्द कुणाला कळले नसतील. पण निळ्या टोपीतल्या आजींनी माझ्या वेढ्यात बोटं खुपसली आणि जीव खाऊन ओढलं. मी तटकन तुटलो. शिरीषरावांनी घेतलेला तो पहिला श्वास मी ऐकला. पोलीस येईपर्यंत तो माणूस स्वतःच्या हातांकडे बघत उभा होता, जणू ते दुसऱ्याच कुणाचे.

घरी ताईंनी सुई-लोकर काढली.

"राहू दे," शिरीषराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तो निळ्यांपैकी असता ना, तर एकवेळ समजलं असतं गं. पण तो आपल्यातलाच होता."

तेव्हापासून मी खुंटीवर आहे. ते अजून सामने बघतात. गेल्या रविवारी समोरच्या टीममधल्या एका मुलाने सुरेख झेल घेतला. शिरीषरावांचे हात उठले, आणि अर्ध्यावरच थांबले.

मित्रांनो, मला कुणी शिवलं नाही तरी चालेल. पण असे अर्ध्यावर थांबलेले हात कुठे दिसले, तर त्यांच्याशेजारी जाऊन बसा, आणि पहिली टाळी तुम्ही वाजवा.